अंगण मिळालं, पाळणा राहून गेला

बुलढाणा जिल्ह्यात अंगणवाडी माहीत नाही असं घर सापडणं कठीण आहे. लेकराचं वजन तिथं होतं, डोस तिथं मिळतो, खिचडी तिथं शिजते, गरोदर बाईचं नाव तिथल्याच रजिस्टरात चढतं. ज्या योजनेतून ही अंगणवाडी आली, तिला २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षं पूर्ण झाली. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना केंद्रं किती, लाभार्थी किती, कुपोषण किती घटलं असे आकडे समोर येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण मला एक साधा प्रश्न जास्त छळतो. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ते लेकरू कुठं जातं?

आई तर वावरात असते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळी घर सोडते आणि दिवस मावळताना परतते. मधल्या तासांत लेकरू आजीकडं असतं, शेजारच्या खालाकडं असतं, नाहीतर शाळा बुडवून घरी थांबलेल्या नऊ-दहा वर्षांच्या बहिणीकडं. ही बहीण कुठल्याच सरकारी तक्त्यात दिसत नाही. पण खेड्यापाड्यातलं बालसंगोपन फार मोठ्या प्रमाणात तिच्या कडेवर चालतं.

हा प्रश्न नवा नाही. त्याचं उत्तरही मराठी मुलखात ऐंशी वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं. आपण त्या उत्तरातला अर्धा भाग उचलला आणि अर्धा तिथंच सोडला. तो अर्धा भाग कुठं आणि कसा सुटला, हे या लेखात सांगायचं आहे.

जिन, धुरा आणि झोळी

खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची जुनी, नामांकित बाजारपेठ. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो कापसासाठीच. पुढे खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात जिन आणि प्रेस उभे राहिले. वेचणीपासून जिनापर्यंत कापसाच्या कामात बायकांचे हात मोठ्या संख्येनं होते. बायका आल्या की त्यांची तान्ही मुलंही आली. रुईचा भुगा, यंत्रांचा आवाज, उडणारी धूळ, आणि कोपऱ्यात कापसाच्या ढिगावर झोपवलेलं बाळ.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा काय चालायचं, याची नोंद सरकारदरबारी आहे. कामावर जाताना बाळ शांत झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी चारली जायची. लोक तिला बाळगोळी म्हणत. १९२९ ते १९३१ या काळात भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं या प्रकाराची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघराची गरज मांडली. बाळगोळी देणाऱ्या आईला दोष देणं सोपं होतं. पण तिच्यासमोर दोनच वाटा होत्या. मजुरी सोडायची किंवा लेकराला गुंगवायचं.

त्यानंतर १९३४ चा कारखाना कायदा आला. पन्नासहून अधिक बायका काम करत असतील अशा ठरावीक कारखान्यांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार या कायद्यानं प्रांतिक सरकारांना दिला. याच कायद्यानं वर्षभर चालणारे कारखाने आणि हंगामी कारखाने असा फरक केला. जिन हंगामी धरले गेले आणि हंगामी कारखान्यांत आठवड्याला साठ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली.

कागदावर हे मोठं पाऊल होतं. पण त्याला एक मोठी भगदाड होती. कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबत होता. वऱ्हाडातल्या बहुसंख्य कष्टकरी बायका फाटकाच्या आत नव्हत्याच, त्या वावरात होत्या. निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाईसाठी पाळणाघर म्हणजे धुऱ्यावरची बाभूळ आणि तिला बांधलेली लुगड्याची झोळी. तिथं साप-विंचवाची भीती, ऊन आणि फवारणीचा वास. झोळीला झोका देणारे हात पुन्हा त्या मोठ्या बहिणीचेच.

बोर्डीचं अंगण

ज्या बाईनं या प्रश्नाला हात घातला, तिचा काही वर्षांचा संसार आमच्याच वऱ्हाडात, अमरावतीला झाला होता. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. अमरावती सोडल्यावर त्या राजकोटला आणि तिथून भावनगरला गेल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. मारिया माँटेसरींच्या पद्धतीवर तिथं काम चालायचं. ताराबाई तिथं रमल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे दादरला शिशुविहार निघालं.

पण माँटेसरीची साधनं महाग होती. रंगीत ठोकळे, घासूनपुसून ठेवलेल्या फळ्या, स्वतंत्र खोली आणि प्रशिक्षित शिक्षिका हे सगळं शहरातल्या मध्यमवर्गाला परवडत होतं. खेड्यात कोण देणार? ताराबाईंनी हा प्रश्न टाळला नाही. १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तिथंच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत त्यांना पहिल्यांदा कळलं ते असं, की बालवाडी उघडली म्हणून मुलं येत नाहीत. विशेषतः दलित वस्तीतली मुलं येत नव्हती. मग या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांची नखं कापायची, अंघोळ घालायची, गाणी म्हणायची. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदांत फिरणारा हा शब्द त्या अंगणातून आला आहे.

त्याच सुमारास वर्ध्याजवळ सेवाग्रामलाही असाच विचार चालू होता. गांधीजींच्या नयी तालीमची मर्यादा सात वर्षांच्या खालीही वाढवावी, म्हणून तिथं पूर्वबुनियादीचं काम सुरू झालं होतं. म्हणजे चाळीसच्या दशकात मराठी मुलखाच्या दोन टोकांना लोक एकच गोष्ट म्हणत होते. शिक्षण पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही आणि गरिबाच्या लेकरासाठी ते स्वस्तात, त्याच्या दारात मिळालं पाहिजे.

ताराबाई आणि अनुताई पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. तिथं त्यांना तीच मोठी बहीण भेटली. ती शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. काही मुलं गुरं राखायला जात होती. गुरं राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. आणि कडेवर भावंड असलेल्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या प्रयोगाचं नाव विकासवाडी. मोठीनं भावंडाला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं.

या साध्या मांडणीत फार मोठं शहाणपण आहे. धाकट्याला सांभाळणं, मधल्याला खेळवणं आणि मोठीला शिकवणं ही तीन वेगवेगळ्या खात्यांची कामं नाहीत. ते एकाच घरातलं एकच काम आहे. पाळणा काढून घेतला की शाळेतली मुलगी गळते.

सरकारनं काय उचललं?

१९५० च्या संविधानातलं ४५ वं कलम सांगत होतं, की राज्यानं दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. तीन वर्षांचं मूलही त्या शब्दांत बसत होतं. प्रत्यक्षात मात्र बालवाडी धर्मादाय संस्थांच्या आणि समाजकल्याणाच्या खात्यावर राहिली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात ३३ प्रकल्प होते. त्यातले दोन महाराष्ट्राला मिळाले. एक मुंबईतली धारावी, दुसरा अमरावती जिल्ह्यातलं धारणी. धारणी म्हणजे मेळघाट, आणि त्याच डोंगररांगा आमच्या जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शालेयपूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आल्या. नाव ठेवलं अंगणवाडी.

योजनेचं मोल मी कमी लेखत नाही. लाखो लेकरं तिच्यामुळं जगली, लसी खेड्यात पोचल्या. पण यादी नीट वाचा. सहा सेवांत पाळणाघर नाही. बोर्डीचं अंगण घेतलं, कोसबाडचा पाळणा घेतला नाही. केंद्र दिवसाला साधारण चार तास चालवायचं ठरलं. चार तासांत खिचडी होते, वजन होतं, दोन गाणी होतात. चार तासांत वेचणी होत नाही.

दुसरी गोष्ट घडली ती सेविकेबाबत. तिला पगार नव्हता, मानधन होतं. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना दीडशे रुपये, मॅट्रिक नसलेलीला शंभर. ती गावातलीच बाई, समाजसेवा करते, असं धरलं गेलं. लेकरं सांभाळणं हे बाईचं जन्मजात काम, मग त्याला वेतन कशाला, हा घरातला विचार सरकारी आदेशात जसाच्या तसा उतरला.

त्याच दशकात महाराष्ट्रानं आणखी एक मोठी गोष्ट केली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला बायका हजारोंनी बाहेर पडल्या. त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि मुलं सांभाळायची सोय असावी असं त्यात होतं. पुढे केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. ही तरतूद आपल्यातल्या किती जणांनी कामावर प्रत्यक्ष पाहिली आहे, हे प्रत्येकानं आपल्या गावापुरतं आठवून बघावं.

२००६ : एका वर्षात चार कागद

या इतिहासात २००६ हे साल वेगळं काढावं लागतं. त्या वर्षी चार गोष्टी घडल्या.

जानेवारीत कष्टकरी आयांच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. जूनमध्ये पंतप्रधानांचा अल्पसंख्याकांसाठीचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम आला. त्यातलं पहिलंच कलम अंगणवाडीचं होतं. अल्पसंख्याकांची वस्ती लक्षणीय असलेल्या भागांत बालविकास प्रकल्प आणि अंगणवाड्यांचा ठरावीक वाटा द्यावा, असं ते कलम सांगतं. नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. मुस्लिम वस्त्यांत सार्वजनिक सोयी किती तोकड्या आहेत, हे त्यानं सरकारच्याच आकड्यांतून दाखवलं. आणि १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अन्न अधिकाराच्या खटल्यात आदेश दिला. प्रत्येक वस्तीत चालू अंगणवाडी हवी, आणि जिथं सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत पण अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी.

आपल्या समाजात पंधरा कलमी कार्यक्रम म्हटलं की चर्चा नोकऱ्या, कर्ज आणि शिष्यवृत्तीची होते. पहिलं कलम तीन वर्षांच्या लेकराबद्दल आहे, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. जलसे झाले, निवेदनं गेली, पण मोहल्ल्यात अंगणवाडी हवी म्हणून मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

सच्चर अहवालानंतर देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले गेले आणि २००८ मध्ये त्यांच्यासाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून चार जिल्हे होते : परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा. बुलढाण्याची ही ओळख नीट समजून घ्यावी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार. त्यात मुस्लिम आणि बौद्ध मिळून चौथाईहून अधिक. म्हणजे इथं अल्पसंख्याक म्हटलं की मोहल्ला आणि भीमनगर दोन्ही येतात. ज्या वस्तीत बोर्डीची पहिली अंगणवाडी गेली, तिचीच ही भावंडं.

या कार्यक्रमातून देशभर घरकुलं, शाळाखोल्या आणि अंगणवाडीच्या इमारती बांधल्या गेल्या. पण निधीचा हिशेब जिल्हा धरून होत होता. जिल्हा अल्पसंख्याकबहुल असला तरी इमारत नेमक्या त्या वस्तीत उभी राहील, याची खात्री नव्हती. हीच टीका पुढे सगळीकडून झाली आणि २०१३ मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका आणि शहर हे एकक धरलं गेलं. २०१८ मध्ये नाव बदलून प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम झालं.

मोहल्ल्यातलं लेकरू

आपल्याकडं लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाख्वानीची रस्म करण्याची जुनी रीत आहे. पाटीवर पहिलं अक्षर, मिठाई, नवे कपडे. शिक्षणाची सुरुवात सहाव्या वर्षाआधीच करायची असते, ही समज आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मकतबात सकाळी जाणारी लहान मुलं हीच समज पुढे नेतात. त्यामुळं मुस्लिम आईबापांना बालशिक्षणाची आवड नाही, हे म्हणणं मला पटत नाही.

अडचण वेगळी आहे. घरात दखनी-उर्दू बोलणारं तीन वर्षांचं लेकरू अंगणवाडीत मराठी ऐकतं. हे चांगलंच आहे. मोहल्ल्यातून मराठीची वाट तिथूनच सुरू होते. पण सेविकेला त्याची बोली थोडी कळत असेल, तर ते लेकरू पहिल्या आठवड्यात रडत परत येत नाही. सेविका त्याच वस्तीतली असली की हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक समज खोडून काढायला हवी. मुस्लिम बाई घराबाहेर कामाला जात नाही, मग तिला पाळणाघर कशाला, असं बोललं जातं. आमच्या भागात वेचणीला आणि निंदणाला जाणाऱ्या टोळ्यांत मुस्लिम बायका बौद्ध आणि इतर बायकांच्या खांद्याला खांदा लावून असतात. ज्या घरात राहतात, त्याही शिलाई मशीन चालवतात. मांडीवर लेकरू आणि पायाखाली मशीन, याला घरी बसणं म्हणत नाहीत.

आता दुसरीकडं बघा. जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही ‘कॉन्व्हेंट’ची पिवळी गाडी फिरते. नर्सरी, केजी वन, केजी टू. विदर्भात कुठल्याही इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात. फी परवडो न परवडो, मजूरही लेकराला तिथं घालायला धडपडतो. त्याचं कारण इंग्रजी आहेच, पण तिथं लेकरू जास्त वेळ राहतं आणि गाडीनं घरी येतं, हेही आहे. सार्वजनिक सोय कमी पडते तेव्हा गरीब माणूस गप्प बसत नाही, खिसा रिकामा करतो.

आठ तासांचं गणित

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्याच दुरुस्तीनं ४५ वं कलम बदललं आणि सहा वर्षांखालचं मूल मार्गदर्शक तत्त्वात ठेवलं. थोडक्यात, पहिलीतल्या मुलाला न्यायालयात मागता येईल असा हक्क मिळाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला सरकारच्या प्रयत्नाचं आश्वासन आलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या मुख्य रचनेत घेतलं, ही चांगली गोष्ट. तासांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो सुटत नाही असं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या फीत पाळणाघर द्यायला सुरुवात केली. लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येनं कामावर जाऊ लागल्या. तो श्रीमंत देश आहे, असं कुणी म्हणेल. मग शेजारचं कर्नाटक घ्या. तिथं रोजगार हमीवरच्या आणि इतर कष्टकरी बायकांच्या लेकरांसाठी ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे बाळाचं घर ही पाळणाघरं काढण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. एकूण ४,००० ग्रामपंचायतींत.

आपल्याकडंही कागद तयार आहे. २०१२ मध्ये बालविकास योजनेची फेररचना झाली, तेव्हा पाच टक्के अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं होतं. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची आणि दिवसाला साडेसात तास ते चालवायचं. देशभरात अशी १७,००० केंद्रं काढण्याचं उद्दिष्ट आहे. देशातल्या तेरा-चौदा लाख अंगणवाड्यांपुढं हा आकडा किती लहान, हे सांगायला नको. पण ताराबाई आणि अनुताईंची विकासवाडी तब्बल सात दशकांनी सरकारी कागदावर परतली आहे, हे खरं.

एक धोका मात्र दिसतो. हे जादा तास आहे त्याच सेविकेच्या डोक्यावर टाकले जातील. तिच्याकडं आधीच वजन, मोबाइलमधली नोंदणी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं असतात. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, ते याच मानधनासाठी आणि पेन्शनसाठी. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. पाळणाघर हवं असेल तर त्यासाठी वेगळी बाई, वेगळी मदतनीस आणि रीतसर मोबदला लागेल. एका बाईची मजुरी वाचवण्यासाठी दुसऱ्या बाईला फुकट राबवणं, यात कसली सुधारणा?

मोहल्ला कमिटी, बचतगट, बौद्ध विहाराची मंडळी आणि ग्रामपंचायत मिळून यात पुष्कळ करू शकतात. वस्तीतली सहा वर्षांखालची मुलं मोजायची. चाळीस भरली आणि अंगणवाडी नसेल, तर २००६ च्या आदेशाचा हवाला देऊन ग्रामसभेत ठराव घ्यायचा. अंगणवाडी असेल, तर तिला पाळणा जोडून मागायचा. रोजगार हमीच्या कामावर पाच लेकरं असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर चढवायला सांगायचं. हा आपला हक आहे, कुणाची खैरात नाही. आणि अर्जावर मोहल्ला आणि भीमनगर या दोन्ही वस्त्यांच्या सह्या असल्या, तर तो बाजूला ठेवणं सोपं जात नाही.

वेचणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास भरात येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढं गैरहजेरी वाढते. त्या मुलीच्या हातातलं लेकरू कुणी तरी घेतलं, की ती शाळेत जाईल.